रेडिओवरची अर्धी शपथ

मंगळवार, संध्याकाळ

सहा वर्षं बंद पडलेलं आपल्या गावचं रेडिओ केंद्र आज सकाळी सातला पुन्हा सुरू झालं, आणि मी पहिल्याच वाक्याला माती खाल्ली. 'नमस्कार मंडळी' म्हणायचं, हे कागदावर लिहूनसुद्धा नेलं होतं. पण घड्याळात सात वाजले आणि कंपनीत तीस वर्षं पहिल्या शिफ्टला सुपरवायझर म्हणून जे म्हणत आलो तेच तोंडातून निघालं. "सगळ्यांनी उजवा हात पुढे करा. मी शपथ घेतो की, हातमोजे घातल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही..." अर्ध्यात भानावर आलो आणि घाईघाईनं गाणं लावलं.

दिवसभर तेच डोक्यात. एकही फोन नाही. कोणी ऐकलं नसेल तर बरंच की! पण मग केंद्र उघडलं कशाला? सरपंचांनी महिनाभर बघू म्हटलंय. ऐकणारे नसतील तर खोली व्यायामशाळेला जाणार.

आत्ता दळण आणायला गेलो तर गिरणीत शेजारची मंदा भेटली. तळवड्याला वर्कशॉपात कामाला असते. मला बघताच तणतणली, "अण्णा, सकाळी रेडिओवर तुमीच व्हय? आमी साऱ्याजणी हात पुढं करून उभ्या, आन् तुमी मधीच गाणं लावलं! अर्ध्या शपथेवर मशीन चालू करायची का? शेवटी आमीच पुरी केली."

साऱ्याजणी. हात पुढे करून.

उद्या कागद नेत नाही. आधी शपथ, पुरती. नमस्कार मग.