कॉम्प्युटरला दिलेली तुमची शिकवणी

सर,

खडवलीचा नदीवरचा छोटा पूल दुचाक्यांसाठी पुन्हा खुला झाला आहे. पलीकडच्या किराणा दुकानदाराने आज दुपारी मला फोनवर दुजोरा दिला. "ताई, सकाळीच गाडी घालून आलोय मी," म्हणाला. पण ही बातमी मी आणलेली नाही. ठाण्यातल्या आमच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरने इंटरनेटवरची पानं वाचून ती स्वतः मिळवली. गावोगावची माहिती तो अशी वाचून गोळा करतो आणि मी ती तपासते. आपलं वर्तमानपत्र बंद पडल्यापासून माझं पोट यावरच आहे.

त्याला शिकवणारी इंजिनीअर मुलगी डोंबिवलीची. सुरुवातीला दहा ठिकाणी एकच गोष्ट दिसली की तो ती खरी मानायचा, आणि दहाही ठिकाणी एकाचंच उचललेलं असायचं. म्हणून मी तिला मानपाड्याच्या आगीची गोष्ट सांगितली. कारखान्यात दोन कामगार गेले, असं मला पाच जणांनी सांगितलेलं. मी धावत तुमच्या टेबलाशी आले. छपाईला जायचं पान माझ्यासाठी थांबवलं होतं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "हे पाचही जण कुठे भेटले?" गेटासमोरच्या टपरीवर, मी म्हटलं. "मग ते पाच नाहीत, बाई. एकाच किटलीतला चहा पाच ग्लासांत आहे. जा परत." मी रडत रिक्षात बसले. ते दोघे मागच्या गेटने निघून घरी पोचले होते. एकाच्या बायकोने दार उघडलं, तर तो आत जेवतोय.

हे ऐकून मुलीने कॉम्प्युटरला कोणी कोणाचं उचललंय ते ओळखायला शिकवलं. आठवडाभरात शिकला. पुलाची बातमी पसरली तेव्हा सगळ्या नकला त्याने एकच धरल्या आणि थांबून राहिला. पलीकडच्या शाळेने मुलांना सायकलीने पुलावरून यायला सांगणारी सूचना टाकली, तेव्हाच मानली, कारण ती कोणाची उचललेली नव्हती. "शाबास रे माझ्या राजा!" मुलगी स्क्रीनला म्हणाली. मी हसले, पण माझ्या पोटात दुखलं. तो चुकतो तेव्हा ती म्हणते, "असू दे ना ताई, शिकतोय बिचारा." माझ्याबद्दल एवढं तुम्ही एकदा तरी म्हणाला असतात तर! दुकानदार फोन उचलेपर्यंत मी मनात म्हणत होते, चुकू दे मेल्याला.

सोमवारी ती विचारणार आहे, जवळपासच्या बातम्या माझ्या तपासणीशिवाय सोडायच्या का. मी हो म्हणणार, कारण नाही म्हणायला माझ्याकडे खरं कारण नाही. मग महिनाअखेरीस माझं टेबल बहुतेक जाईल. त्याचंही एवढं वाटत नाही. तुम्ही आज हयात असता तर खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या शेजारी बसला असतात, दिवसभर त्याला प्रश्न विचारत राहिला असतात, याचं वाईट वाटतं. माझ्या शेजारी तुम्ही कधीच बसला नाहीत.