तांबड्या झाकणाचा डबा

लुईसटाउन, मोंटाना
३ सप्टेंबर १९८६

प्रिय आयडेला,

नमस्कार. वि. वि. बंदुकांच्या नादी लागलेल्या नवऱ्यांच्या आपण दोघी बायका, आणि आपली तक्रार एकच. त्यांच्या छंदाला अख्खं गॅरेज मिळतं. आपल्या काळजीला घरात स्टुलाएवढी जागा नाही!

तुझा भाऊ पुन्हा घरी काडतुसं भरायला बसला. एप्रिलमध्ये आर्लनच्या, तुझ्या याच भावाच्या, हातात रिव्हॉल्व्हर फुटलं, उजवा डोळा गेला. तो काडतुसांच्या पुंगळ्यांत बंदुकीची दारू ओतत असताना मी जेवायला हाक मारली, आणि परत येऊन त्याने एकीत दुसऱ्यांदा ओतली. हाक माझी होती, हे तो विसरू देत नाही. म्हणतो, डोळा तुझ्यापायी गेला, आता तूच डोळा हो. रोज मी टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावते. नाही म्हटलं तर तो एकटा भरणार. हो म्हटलं तर मीच भरतेय. यातून बाहेर कसं पडू?

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी व्हर्ना


हॅवर
८ सप्टेंबर

प्रिय वहिनीबाई,

अनेक आशीर्वाद. अगं, पाच महिने टीव्हीसमोर कुरकुरणारा बरा, की गॅरेजात शीळ घालणारा? आमचा क्लाइड तर म्हणतो, व्हर्नाने पाहिलेली गोळी दुकानातल्या गोळीपेक्षा भारी. येत्या सोमवारी तो नेमबाजीच्या स्पर्धेसाठी पन्नास गोळ्या न्यायला येईल.

पण खरंच जाच होत असेल, तर एक दिवस जाऊच नकोस. लहानपणी पत्त्यांना गडी मिळाला नाही की आर्लन डाव मोडून उठायचा. आताही उठेल. हकलबेरीचा जॅम क्लाइडबरोबर पाठवते.

आठवण ठेव, रागावू नकोस.
आयडेला


लुईसटाउन
१६ सप्टेंबर

प्रिय आयडेला,

नमस्कार. जॅम पोचला. तुझा सल्ला मानून रविवारी मी गॅरेजात गेले नाही, चर्चसाठी केक भाजत बसले. तो उठला नाही. मध्ये एकदाच उठला, तुझ्या क्लाइडचा फोन आला तेव्हा. दहा मिनिटं हसून बोलला आणि परत जाऊन उरलेल्या भरल्या. वर शिशाची गोळी बसली की आत डोकावता येत नाही. विचारलं, टॉर्चने पाहिल्यास? म्हणाला, एक डोळा पुरतो.

काल क्लाइड डबा न्यायला आला. दारात विचारलं, व्हर्नाबाईंनी पाहिल्यात ना? आर्लन मागे उभा होता. त्याचा तो एक डोळा माझ्यावर होता. मी हो म्हणून मान हलवली.

बायकांनी खोट्या माना हलवायच्या आणि पुरुषांनी त्या भरवशावर घोडा ओढायचा, हे किती दिवस चालायचं? फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन क्लाइडच उचलतो, आणि हसत हसत आर्लनलाच सांगेल. रविवारी स्पर्धा आहे. माझी मान खोटी होती. त्या पन्नासांपैकी एकही मी पाहिलेली नाही.

मायेचं नंतर बघू. हे पत्र खाली ठेव, क्लाइडच्या पिकअपच्या सीटमागे त्याने काल ठेवलेला तांबड्या झाकणाचा डबा आहे, तो आत्ता बाहेर काढ.

व्हर्ना