विक्रीला हरकत नाही

प्रिय सॅविओ,

पत्राची सुरुवात अशीच करतात, म्हणून 'प्रिय' लिहिलं. त्यावर जाऊ नकोस.

तू शारजाला गेल्यावर काय काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. त्याआधी तुझ्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींसाठी माझ्या पप्पांनी माझ्या नावावर केलेलं देवबागचं घर मी गहाण ठेवू दिलं. तू गेलास, हप्ते थकले, पैसे भरा म्हणून बँकेची साठ दिवसांची नोटीस निघाली, ती तुझ्या मालवणच्या बंद ऑफिसात गेली. मला कळलं ते थेट दारावर ताब्याचा कागद चिकटवला तेव्हा. अख्ख्या वाडीने तो वाचला. मम्मी तेवढी विचारत राहिली, "काय लिवलासा गो?"

वकील स्वप्नाताईंनी मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला. स्थगिती मिळाली, पण आधी थोडी रक्कम भरायच्या अटीवर. तुला किती फोन केले! एकदा उचललास आणि म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. पैसे भरता आले नाहीत, स्थगिती उठली. मग बँकेने कलेक्टरांकडून हुकूम आणला आणि ऐन मे महिन्यात तहसीलदार पोलीस घेऊन दारात आले. माणूस वाईट नव्हता. "बाई, सामान काढून घ्या, माझा इलाज नाही," म्हणाला. पंचनामा झाला, दाराला सील लागलं. मम्मी अंगणात खुर्चीवर बसून होती. "आता खंय जावचा?" एवढंच म्हणाली. शेजारच्या सावित्रीकाकींनी तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं. अख्खा पावसाळा आम्ही त्यांच्या पडवीत काढला. आमचं घर समोर दिसत होतं आणि आत जाता येत नव्हतं. आमचं असं कोणी केलं, हे मी त्या पावसाळ्यात रोज स्वतःला सांगत होते. बँकेचं नाव एकदाही घेतलं नाही.

कणकवलीहून गाडी पकडून मी मुंबईला तारखांना जायची. कधी बँकेचे वकील आजारी, कधी न्यायाधिकरणाच्या साहेबांची बदली. शेवटी लिलाव जाहीर झाला आणि त्याआधीच्या सुनावणीला एक तरुण वकील उभा राहिला. म्हणाला, "मी कर्जदार सॅविओ यांच्यातर्फे. माझ्या पक्षकाराची विक्रीला हरकत नाही."

मी मागच्या बाकावर होते. साहेबांनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?" कोर्टकचेरीत मी नेहमी शुद्ध बोलते, पण 'माझा नवरा' म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघून गेलं, "माझो घोव." कोणीतरी हसलं. मला तेव्हा कळलं, तुला वकील लावायला पैसे होते. घर विकलं की कर्ज फिटणार, तू मोकळा. मम्मी कुठे जाणार, हा प्रश्न तुझ्या वकिलाला कोणी विचारला नाही.

स्वप्नाताईंनी एकच मुद्दा धरला: घर जिच्या नावावर, तिला साठ दिवसांची ती मागणीची नोटीस मिळालीच नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. ताबा रद्द, लिलाव रद्द. घर परत मिळालं, कर्ज मात्र राहिलं. बँकेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली असती, म्हणून मी स्वतःच जाऊन हप्ते बांधून घेतले. पर्यटकांना खोल्या देते, मम्मी त्यांना सोलकढी करून घालते. जमतंय.

परवा तुझा मेसेज आला: "नाताळला घरी येतोय, सगळं विसरूया." म्हणून हे पत्र. नाताळात आमची एकही खोली रिकामी नाही, आणि असती तरी तुला दिली नसती. ओरोसच्या जिल्हा कोर्टात मी घटस्फोटाचा अर्ज केला आहे. नोटीस निघाली आहे, शारजाच्या पत्त्यावर येईल. यायचंच असेल तर तारखेला ओरोसला ये. वकीलही आण. तो उभा राहिला की त्याला एवढंच म्हणायला सांग, तुझी हरकत नाही.

अजून कागदोपत्री तुझी,
रॉविना