मास्तर, तुमच्या जाड तारा काढल्या

मास्तर, आज तुमच्या गिटारच्या तारा मी काढल्या. सहाच्या सहा. आता तुमी वर बसून "कोणाला इचारून गो?" बोलणार, म्हणून आधीच सांगते, कोणालाच इचारलं नाय. बारा नंबरचा जाड सेट काढला आणि नऊ नंबरचा बारीक चढवला. तुमी ज्यांना शेवया बोलायचात ना, त्याच. दुकानात कोणी बारीक तारांचं नाव काढलं की तुमचं ठरलेलं, "वाजवायच्या हायेत का दुधात टाकायच्या?"

मला काय हौस नाय आली. लग्नसराईत लागोपाठ हळदी वाजवून डाव्या हाताचं मधलं बोट टम्म सुजलंय. डॉक्टर बोलला, महिनाभर गिटारला हात लावू नको. परवा धसईला हळद हाय, आणि नवऱ्या मुलाच्या आईनं "ती गिटारवाली पोरगीच पायजे" असा निरोप धाडलाय. मग दाबायला कमी जोर लागंल असं कायतरी बघायला नको? तुमी जाऊन आठ वर्ष झाली. आठ वर्ष मी तुमच्याच जाड तारा ठेवल्या. आपल्या गाण्या-वाजवायच्या पार्टीतल्या पोरांना वाटतं, शिष्या हाय, मान ठेवते. खरं कारण त्यांना म्हायत नाय. तुमालाही म्हायत नव्हतं, असं मी आज सकाळपर्यंत धरून चाललेली.

मुरबाडच्या तुमच्या मिक्सर-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात मी पयल्यांदा आली ती आईचा मिक्सर घेऊन. दहावीला दोनदा आपटलेली, घरी काम नाय, म्हणून तिथंच रेंगाळायला लागली. एकदा दुरुस्तीला आलेल्या स्पीकरला माइक जोडून मी मागं लपली, आणि आपल्या पार्टीच्या ढोलकीवाल्या काकाला त्याच्या बायकोच्या आवाजात हाक मारली. काका अर्धा वडापाव टाकून पळाला. तुमी हसून हसून डोळं पुसलं, मग एकदम गंभीर होऊन बोललात, "डोकं हाय तुला. आता हात पण कुठंतरी लाव." आणि भिंतीवरची गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवलीत. दोन वर्ष शिकवलंत, पण पार्टीत पुढं उभं राहायचं म्हटलं की सगळ्यांचं एकच, "मास्तर असताना पोरगी पुढं कशाला?" तुमी गप बसायचात. मला राग यायचा. तुमचाच जास्त.

मग म्हसाच्या जत्रेत आपला कार्यक्रम होता. गिटार पुसून द्यायचं काम माझं. मी कल्याणहून दोन बारीक तारा आणून ठेवलेल्या. दुपारी स्टेजच्या मागं बसून पयली आणि दुसरी तार बदलली. डाव एवढाच, की तुमी जाड तारेच्या सवयीनं जोर लावून खेचणार, बारीक तार जादा ताणली जाणार, सूर भलतीकडं जाणार, लोकं हसणार, आणि परतताना जीपमध्ये मी सगळं सांगून टाकणार. मग तुमी चप्पल फेकून मारणार. तुमी आलात, नेहमीसारखी गिटार कानाशी धरून एकेक तार सुरात लावलीत, आणि स्टेजवर चढलात. दुसऱ्याच गाण्याला तुमी तार खेचली आणि बैलगाडीच्या चाकाखाली मांजराची शेपटी आल्यासारखा आवाज निघाला. मंडपभर हशा. तुमी माइकवर बोललात, "थंडी लय हाय, गिटारला पण हुडहुडी भरली." आणि गळ्यातला पट्टा काढून माझ्या गळ्यात घातलात. "हात गेला माजा. आता तू वाजव."

मी वाजवली. जीपमध्ये सांगायचं ठरलेलं, ते सांगितलंच नाय. सकाळी दुकान उघडताच गपचूप जाड तारा परत घातल्या. त्या दिवसापासून तुमी मागं खुर्चीवर बसून नुसती साथ केलीत, आणि मी पुढं. कोणी चकार शब्द काढला नाय, मास्तरचाच हात गेला तर करणार काय? वर्षभरानं तुमीच गेलात. म्हणून जाड तारा, मास्तर. चांगल्या माणसाला त्याचा हात गेला असं वाटायला लावलं, तर माझी बोटं तरी दुखू देत.

आज सकाळी ओट्यावर बसून बारीक तारा चढवल्या. ताण कमी झाला तसा, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज मागच्या स्प्रिंगांनी खाली ओढला, डबक्यात म्हैस बसते तसा. मागचं झाकण उघडून तुमी शिकवलंत तसे स्प्रिंगांचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल केले. जुनी सहावी तार आईनं कोंबड्यांच्या खुराड्याला बांधायला नेली. मग पयली तार सुरात लावायला बोट ठेवलं आणि हात थांबलाच. मास्तर, डोळं मिटून पण कळतं हो! बोटाखाली केस आल्यासारखं लागतं. मी तेव्हा बारीक तार कधी वाजवलीच नव्हती, मला वाटलं डोळ्याला दिसत नाय म्हंजे हाताला पण कळत नाय. पण तुमी? रस्त्यावरून आवाज ऐकून कोणाच्या मिक्सरचं वायंडिंग जळलंय ते सांगणारा माणूस! स्टेजच्या मागं त्या दोन्ही तारा तुमी सोताच्या बोटांनी लावल्या होत्या. तुमाला तिथंच कळलेलं. आणि कळूनसुद्धा तुमी पूर्ण जोर लावून खेचलीत. अख्ख्या जत्रेसमोर.

मी एकटीच हसत बसलेली. आई बाहेर येऊन बोलली, "काय झालं गो, करंट लागला?" आठ वर्ष मला जाड तारांवर पिदडलंत, आणि मी समजते खोडकर मी! नाय तर खरंच हात गेला असंल तुमचा. आता इचारू कोणाला? पण मला पुढं आणायला तुमी मुद्दाम केलंत, हेच मला पटलंय.

पोरं कुरकुर करणार होती, म्हणून मी सांगून टाकलं की मास्तर सपनात आले आणि बोलले, बारीक तारा लाव. ढोलकीवाल्या काकानं हात जोडले. तो कधी वर आला आणि त्यानं इचारलं तर हो बोला, एवढं सांभाळून घ्या.

पयली तार अजून झणझणते. गिटारच्या मानेच्या टोकाला तिची खाच जाड तारेच्या मापाची हाय, खाली कागदाचा बारका तुकडा द्यावा लागतो. ह्याच पत्राचा कोपरा फाडून घडी घालून सरकवला. बाकीचं कुठं पाठवणार, गिटारच्या खोळीत राहील. तार गप झाली. बोट दुखत नाय. हलक्या हातानं खेचली तर सूर बरोबर जागेवर जातो, परवा धसई गाजणार.

आवाज मात्र तुमच्या जाड तारांचाच भारी होता. हे पोरांना सांगणार नाय मी.