पडदे बंद असलेले सहा संगणक भंगारात न नेण्याबाबत

दि. १० सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
साहित्य तपासणी कक्ष, वाशीम.

विषय : अंध मुलींचे सहा संगणक शुक्रवारी न उचलण्याबाबत.
संदर्भ : आपल्या पथकाचा दि. ३ चा शेरा, "पडदे बंद, संगणक निकामी."

महोदय,

मी आसेगावच्या मुलींच्या वसतिगृहात संगणक शिकवते. संगणक निकामी नाहीत. पडदे आम्हीच बंद ठेवतो, कारण संगणक मजकूर बोलून दाखवतो आणि मुली कानाने वाचतात. हा अर्जही साक्षी या विद्यार्थिनीने त्यांपैकीच एकावर टाइप केला आहे.

२. पथक आले तेव्हा खोलीत दिवा नव्हता. पथकातले आपले अमरसिंगभाऊ दारातूनच म्हणाले, "काय शिकवून राह्यल्या बाई अंधारात?" त्यावर वैभवी या विद्यार्थिनीने विचारले, "काहून, तुमाले दिसत नाही काय?" तिने ते काळजीने विचारले होते. उद्धटपणा समजू नये.

३. नंतर माझी पात्रता विचारण्यात आली. मी कॉलेजात गेलेली नाही. पुस्तके मागवून गणित शिकले. चिंचोक्यांच्या खेळात कोणती चाल हमखास जिंकते, यावर माझे दोन शोधनिबंध छापून आले, विद्यापीठात व्याख्यानही झाले. या गणिताला खेळ-सिद्धांत म्हणतात. अहवालात मात्र "क्रीडाशिक्षिका, संगणकाची आवश्यकता नाही" अशी नोंद झाली व मला एक शिट्टी मंजूर झाली. ती मिळाली.

४. तोच चिंचोक्यांचा खेळ खेळणारा प्रोग्राम वैभवीने तीन महिने खपून लिहिला. सोमवारी तिची परीक्षा याच खोलीत आहे. बोलणारा दुसरा संगणक मी मंगरुळपीरपर्यंत शोधून आले, मिळाला नाही.

५. पडदे चालू असणे नियमाने गरजेचे असेल तर आजच लावून ठेवते. मुलींना त्याचा काही त्रास नाही. गाडी पाठवायचीच असेल तर निदान मंगळवारी पाठवावी. शुक्रवारी आली तर मी गाडीपुढे आडवी झोपायला तयार आहे, पण मला शोधत मुली रस्त्यावर येतील, एवढीच भीती.

काल वैभवीने विचारले, "बाई, माहा कम्प्युटर आंधळा हाय म्हणून नेऊन राह्यले काय?"

माझ्या सगळ्या चाली संपल्या, साहेब. आता आपली चाल.

शुक्रवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
रत्नमाला ग्यानबा इंगोले

सोबत :
१. परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत.
२. शिट्टी (न वाजवलेली), परत.