डाव्या बरगडीखाली दोन बोटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा पेशी, ऊती, अवयव, संस्था. बावीस वर्षं तेच. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली म्हणून उजळणी. डाव्या-उजव्याचा घोळ काही संपत नाही. चित्र समोर धरलं की मुली आपल्या डाव्या हाताकडचं ते डावं म्हणतात. समोरच्या शरीराचं डावं ते डावं, तुमचं नव्हे — हे वाक्य मी झोपेतसुद्धा बडबडत असेन. घरी आले आणि चप्पल न काढता खुर्चीत बसून राहिले. अंग नुसतं आंबून गेलंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताई म्हणाली, "चिमणीचं पोट झालंय का तुझं?" चार घासांत भरतं. खरंच भरतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

पोटाचे नऊ भाग. कॉलेजच्या मावशी नेहमीप्रमाणे टेबलावर आडव्या झाल्या, त्यांच्या पोटावर पेनाने फुलीगोळ्यासारखी चौकट काढली. "हे धुतल्यावर जाईल ना?" दरवर्षी विचारतात. मग यकृत, मग प्लीहा. सांगितलं — निरोगी प्लीहा हाताला लागत नाही, डाव्या बरगड्यांच्या आड असते. तरी शोधायची पद्धत यायला हवी. पोटाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली सुरुवात करायची आणि दर श्वासाला हात तिरका डाव्या बरगडीकडे सरकवायचा. बरगडीपाशीच सुरुवात केली तर वाढलेल्या प्लीहेची कड हाताखालीच राहून जाते, कळत नाही. मुलींनी एवढंच लिहून घेतलं: "लागत नाही."

काकूने सगळं लिहिलं. काकू म्हणजे आमची सेहेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्डाची फरशी पुसली, आता नर्सच्या हाताखालची सहायिका व्हायचंय. दोनदा नापास, दोन्ही वेळा डाव्या-उजव्यानेच घात केला. ही तिसरी संधी आणि शेवटची. नाही जमलं तर पुन्हा बादली-फडकं. पाठ करताना तिचे ओठ हलतात. माझा जीव तुटतो, आणि वैतागही येतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक. मावशी आल्याच नाहीत, लेकीचं बाळंतपण. आयत्या वेळी कुठून माणूस आणणार? शेवटी मीच टेबलावर. परीक्षकही मी, पोटही माझं! खरं सांगायचं तर आडवं व्हायला मिळालं याचंच बरं वाटलं.

सात जणी. सहा जणींनी बरगडीखाली बोटं टेकवली न टेकवली आणि म्हणाल्या, "लागत नाही, मॅडम." पूर्ण गुण. काकू शेवटची. हात अगदी खालपासून, उजवीकडून. "श्वास घ्या, बाई. सोडा. परत घ्या." घाई नाही. डाव्या बरगडीच्या अलीकडे थांबली. कपाळाला आठी. "लागतेय, बाई. दोन बोटं खाली आलीय."

मागे मुली खिदळल्या. मी म्हटलं, "नीट आठव, मी काय शिकवलंय?" तिने परत हात ठेवला. परत म्हणाली, "लागतेय."

शून्य दिलं — पेन्सिलीने. त्या शून्यापायी ती दोन गुणांनी जाते. यादी शाईने भरून पुढच्या शुक्रवारी ऑफिसात द्यायची.

रविवार, १६ फेब्रुवारी

अंघोळ करून आडवी झाले आणि स्वतःच हात लावून बघितला. डावीकडे काहीतरी टणक. श्वास घेतला की खाली येऊन बोटांना टेकतं. पण आपलं पोट आपल्याला नीट तपासता येत नाही, हेही मीच शिकवते. परकराची नाडी महिनाभर सैल बांधतेय, वजन मात्र उतरलंय. गॅस असेल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गॅस श्वासाबरोबर खाली येत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काकू स्टाफरूमच्या दाराशी. रडेल, हातापाया पडेल, म्हणून मी मन घट्ट करून बसले. तसलं काही नाही. "मार्कांचं तुम्ही बघा, बाई. मला जे लागलं ते मी सांगितलं. पण तुम्ही एकदा दाखवून या." मग आवाज खाली आणून, "फरशी पुसताना कानावर पडायचं ना. दमायला होतं म्हणायची माणसं. जेवण जात नाही म्हणायची."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. ती गेली. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे निघालं. मला माझीच लाज वाटली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, तरी जादा तास घेतला. आज समस्थिती. बाहेर काहीही होवो, शरीर आतलं सगळं जागच्या जागी राखायला धडपडतं — तापमान, पाणी, साखर. एकीने विचारलं, "आणि नाही जमलं तर?" "तर आजार," म्हटलं आणि खडू खाली ठेवला.

घाबरलेय मी. सरळच लिहिते. शून्य तसंच ठेवलं तर काकू चुकली आणि मी ठणठणीत. गुण दिले तर —

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताईला बोलले नाही. तिने आज न विचारताच ताटात कमी वाढलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

यादी न्यायला हेडक्लार्क दाराशी येऊन उभा राहिला. शून्य खोडरबराने पुसलं. दहापैकी दहा — शाईने, शेजारी सही. काकू पास.

यादीबरोबर रजेचा अर्जही दिला. "किती दिवस, मॅडम?" त्याने विचारलं. तेवढी जागा मी कोरी ठेवली होती.