कोळंबीनं कात टाकली

रविवार, संध्याकाळ

सासूबाई गेल्यावर आबांना, माझ्या सासऱ्यांना, फुलंब्रीहून इथं आणलं. पण ते खोलीबाहेरच येत नाहीत. मन रमेल म्हणून त्यांच्याच खोलीत काचेची छोटी टाकी मांडली. शेवाळ लावलं, पाणी कोळंब्यांना मानवेल असं व्हावं म्हणून बरेच दिवस तसंच ठेवलं, मग चिमुकल्या लाल कोळंब्या सोडल्या. आबा बघतील तरी का?

आज त्यांनीच हाक मारली. "वैशाली, एक मेली गं." डोळे भरलेले. सासूबाईंच्या वेळीही रडले नव्हते.

"आबा, ती नुसती कात आहे. कोळंबी शेवाळाआड बसलीय, बघा. नवं कवच लई मऊ असतं, म्हणून लपते."

ते बघत राहिले. "बसू दे तिला. कुणी हलवू नका."

रोज मी 'बाहेर या' म्हणून त्यांच्या मागं लागते. आज त्यांचं ताट खोलीतच नेलं. अन् माझंही.